घरामागच्या ओढ्यावर बीव्हरने बांध घातलाय, त्याला पकडून लांब जंगलात सोडणारं कोणी मॅसॅच्युसेट्समध्ये मिळेल का? खर्च किती येईल?

नाही मिळणार. मॅसॅच्युसेट्समध्ये बीव्हर (झाडं कुरतडून पाण्यावर बांध घालणारा, घुशीसारखा पण बराच मोठा प्राणी) पकडून दुसरीकडे सोडणं बेकायदेशीर आहे, तुम्हाला तर नाहीच, पण लायसन्सवाल्या ट्रॅपरलाही, म्हणजे सापळे लावून प्राणी पकडणाऱ्यालाही, ते करता येत नाही. "जिवंत पकडतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पुढे काय करतोस ते नीट विचारा, कारण पिंजऱ्यात जिवंत सापडलेला बीव्हरही नंतर मारलाच जातो. लोकांना वाटतं तो कुठल्यातरी तळ्यावर सुखाने राहायला गेला. नाही गेला.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की शेजारी म्हणतात मारून टाका, एकदाचा विषय संपेल. यावर मला बोलायचंय, कारण विषय संपत नाही.

आमचा रस्ता प्रायव्हेट आहे, मोजकी घरं, रस्त्याचा खर्च आम्हीच वाटून घेतो. रस्त्याखालून ओढ्याची मोरी जाते. एका फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, बीव्हरांनी ती फांद्या, दगड, चिखल घालून गच्च बुजवली. दिवसा फावड्याने उपसायची आणि सकाळी बघावं तर परत बुजलेली. पाणी रस्त्यावर आलं, मग खालच्या घराच्या सेप्टिक टँककडे सरकायला लागलं. मीटिंग झाली. आमच्याच रस्त्यावर एक मराठी दादा राहतात, वयाने मोठे, सगळे त्यांचं ऐकतात, ते म्हणाले ही मोठी घूस आहे, घुशीचं करतात तेच करायचं. मी म्हणत होते की पाइप आणि जाळी बसवणारे लोक आहेत, आधी त्यांना दाखवू. तर मला ऐकवलं, "तुला प्राण्यांचा कळवळा आहे, घरं आमची बुडतायत." सगळ्यांसमोर. ते मी विसरलेले नाही.

टाउनच्या आरोग्य खात्याकडून, बोर्ड ऑफ हेल्थकडून, इमर्जन्सी परमिट घेतलं, ते दहा दिवसांचं असतं, ट्रॅपर आला, बीव्हर मेले, मोरी साफ झाली, पैसे दिले. पुढच्या वर्षी त्याच मोरीत नवीन बीव्हर, नवीन चिखल. होणारच होतं. बीव्हरची पिल्लं साधारण दोन वर्षांची झाली की आईबापांना सोडून नवीन पाणी शोधत निघतात आणि आहे ते कुटुंब आपल्या हद्दीत परक्याला टिकू देत नाही. ते कुटुंबच मारलं की जागा मोकळी, खायला झाडं तयार, बांधायला मोरी तयार. माझं माहेर ओतूरचं, जुन्नर तालुक्यातलं, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं. आमच्याकडे २००१ च्या सुमारास बिबटे पकडून लांब सोडायचा सपाटा लावला होता आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर अभ्यास करून मांडलंय. प्राणी वेगळा आहे, मान्य, पण जागा रिकामी केली की ती रिकामी राहत नाही हे तिथेही तसंच.

दुसऱ्या खेपेला मात्र लोकांचे खिसे दुखायला लागले होते आणि माझं ऐकलं गेलं. कंबरेपर्यंतचे रबरी बूट घातलेली माणसं आली आणि कामाला लागायच्या आधी बराच वेळ नुसती ओढ्याच्या काठाने फिरत होती, पाणी कुठपर्यंत चढलं तर चालेल, सेप्टिक किती उंचीवर आहे, एकेका घरी विचारत होती. मला ते फार आवडलं. मग मोरीच्या तोंडापासून ओढ्याच्या वरच्या बाजूला लाकडी खांब ठोकून जाड तारेची जाळी उभी केली, मोरीपाशी अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारी, खालूनही जाळी म्हणजे उकरून आत जाता येऊ नये. बीव्हर बांध घालतो तो वाहत्या पाण्याच्या आवाजाला आणि ओढीला. स्वीडनचे प्राणी-अभ्यासक लार्स विल्सन यांनी वाहत्या पाण्याचा आवाज स्पीकरवर लावला होता तर बीव्हरांनी तिथेच काटक्या-चिखल रचायला घेतला. जाळीच्या कडेने बांध घालत गेला की तो मोरीपासून लांब लांब जातो, तिथे ओढ लागत नाही, आवाज येत नाही. आणि जोडीला एक जाड प्लास्टिकचा पाइप, त्याचं एक तोंड खोल पाण्यात मोठ्या गोल जाळीत बुडवलेलं. पाणी तिथून गुपचूप निघून जातं, कुठून जातंय ते बीव्हरला सापडत नाही. बांधातून पाइप ज्या उंचीवर काढाल साधारण त्या उंचीवर तळं थांबतं.

हे काही कोणा हौशी माणसाचं खूळ नाही. स्किप लाइल यांनी १९९० च्या दशकात मेन राज्यात पेनॉब्स्कॉट आदिवासींच्या जमिनीवर काम करताना ही मोरीची जाळी विकसित केली. कॅलिफोर्नियात मार्टिनेझ गावात २००७ मध्ये भर डाउनटाउनमध्ये बीव्हर आले, पुराच्या भीतीने त्यांना काढायचं चाललं होतं, गावकरी भांडले, मग २००८ मध्ये याच लाइल यांनी पाइप बसवला आणि बीव्हर तिथेच राहिले. आपल्या राज्यात साउथॅम्प्टनचे माइक कॅलाहन कित्येक वर्षं हेच करतायत, आता त्यांची बीव्हर इन्स्टिट्यूट इतरांनाही शिकवते.

दादांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "१९९६ च्या बंदीने हे सगळं करून ठेवलंय." बंदी सरसकट नाहीच आहे हो. त्या वर्षी मतदानाने पायात अडकणारे आणि अंग चिरडणारे सापळे बंद झाले, पिंजऱ्याचा सापळा ट्रॅपिंगच्या सीझनमध्ये चालतो, आणि इमर्जन्सीला परमिट मिळतं, जे आपण स्वतः घेतलं होतं. खरी गोष्ट जुनी आहे. कातड्यासाठी मारून मारून या राज्यातले बीव्हर अठराव्या शतकातच संपले, ते परत दिसले १९२८ साली वेस्ट स्टॉकब्रिजला. मधल्या काळात आपण सखल जागी रस्ते केले, अरुंद मोऱ्या टाकल्या, घरं बांधली, आणि ती जमीन पहिल्यापासून कोरडीच होती असं धरून चाललो.

आमच्याकडे जाळी बसल्यापासून मोरी बुजलेली नाही. बीव्हर तिथेच आहेत, वर तळं आहे, बगळे आणि बदकं येतात, आणि उन्हाळ्यात बाकी ओढे आटतात तेव्हा इथे पाणी असतं. दादा अजून म्हणतात नशीब चांगलं. नशीब कसलं, दरवर्षी जाळीत अडकलेला पाचोळा कोणीतरी काढतं म्हणून चालतंय ते.

आता हेही सांगायला हवं की सगळीकडे हे जमत नाही. पाणी फार उथळ असेल, जागा अरुंद असेल किंवा पाणी वीतभर चढलं तरी बेसमेंट भिजणार असेल तर पाइपवाले स्वतःच सांगतात की इथे ट्रॅपिंगशिवाय इलाज नाही, आणि तसं असेल तर करा, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. खर्च जागेप्रमाणे बदलतो, काही हजार डॉलर धरा, शिवाय दरवर्षीची देखभाल. नुसती झाडं वाचवायची असतील तर बुंध्याभोवती चार फूट उंच तारेची जाळी पुरते. आणि बांध स्वतः फोडू नका, त्याला परवानगी लागते, आधी टाउनच्या कॉन्झर्वेशन कमिशनला फोन करा.

दादा, तुम्ही इथे वाचता हे मला माहितीये. पुढच्या मीटिंगला जाळीच्या देखभालीचा खर्च सगळ्या घरांनी वाटून घ्यायचा ठराव मी मांडणार आहे, तुमच्या घरासकट.