माशांच्या टाकीतल्या अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ आलंय आणि जुन्या पानांना बारीक भोकं पडताहेत. काय करावं?

हे ब्लॅक बिअर्ड अल्गी. बोटाने घासून निघणार नाही, उगाच पानं फाटतील. लाइट किती तास चालू असतो? टायमर लावून 6-7 तासांवर आणा. अनुबियास मुळात सावलीतली, हळू वाढणारी वनस्पती. टाकी खिडकीशी असेल तर शेवाळाला आयतंच फावतं. झाडांसाठी सीओ२ (कार्बन डायऑक्साइड वायू) देत असाल तर तो रोज सारखाच राहायला हवा, कमीजास्त झाला की हे शेवाळ हमखास येतं.

फार माखलेली पानं सरळ देठापासून कापा. बाकीच्यांसाठी फिल्टर थोडा वेळ बंद ठेवून 3% हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने नेमकं शेवाळावर सोडा, 4 लिटर पाण्याला 1 मिलीच्या वर नको. दोन-चार दिवसांत ते लालसर-गुलाबी पडलं की मेलं समजा. लिक्विड कार्बनही (टाकीतल्या झाडांसाठी बाटलीत मिळणारं द्रव) चालतं, पण व्हॅलिसनेरिया ही गवतासारखी पाणवनस्पती असेल तर नको, ती वितळते.

भोकं फक्त जुन्या पानांना असतील तर बहुधा पोटॅशियम कमी पडतंय. खत बंद केल्याने शेवाळ जातं हा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. त्याने आधी झाडंच उपाशी मरतात. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. आणि हो, अनुबियासचा आडवा जाड कंद वाळूत पुरला असेल तर आजच वर काढा.