एक पालक गायब, पोर मात्र नदीत

प्रश्न: आम्ही लीड्सला राहतो. उन्हाळ्यात व्हार्फ नदीवर गेलो की पाण्यात लांब केसांसारखं हिरवं काहीतरी हलत असतं. मी त्याला शेवाळ म्हणत होते, तर शेजारचे एक रिटायर्ड काका म्हणाले, अगं हे फुलझाड आहे, तेही संकरित, आणि याच्या आईबापांपैकी एक इथे आसपास सापडतच नाही! मग हे पोर आलं कुठून?
(एक वाचक, लीड्स)

उत्तर: काका बरोबर बोलले. हे पॉन्डवीड, म्हणजे गोड्या पाण्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतींच्या एका गटातलं, शास्त्रीय नाव पोटॅमोगेटॉन सुएसिकस. याच्या आईबापांपैकी एक पेक्टिनेटस, हीही पॉन्डवीडचीच प्रजाती, तो इंग्लंडमध्ये भरपूर आहे. दुसरा फिलिफॉर्मिस, म्हणजे दोऱ्यासारख्या पानांचा, तो थंड मुलखातला, ब्रिटनमध्ये आता मुख्यतः स्कॉटलंडमध्येच मिळतो, तुमच्या लीड्सकडच्या यॉर्कशर भागात नाही. यांची फुलं एवढीशी, पाकळ्या नाहीत, वास नाही, कारण यांना मधमाशीची गरजच नाही, परागकण पाण्यावर तरंगत जातात आणि पाणी काही जात बघत नाही, शेजारी दुसरी प्रजाती असली की तिचेही पराग येऊन चिकटतात. पॉन्डवीडमध्ये असे संकर इतके होतात की ओळखताना भलेभले गोंधळतात, शेवटी लॅबमध्ये एन्झाइम नाहीतर डीएनए तपासावा लागतो.

आता दुसरा पालक गेला कुठे. 1990च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी व्हार्फ आणि तिच्याजवळच्या यूर नदीतली झाडं तपासली आणि हा संकर असल्याचं पक्कं केलं. त्यांचा अंदाज असा की हिमयुग संपत आलं तेव्हा फिलिफॉर्मिस इतक्या दक्षिणेलाही वाढत असणार, तेव्हाच हा संकर झाला, मग हवा तापली, फिलिफॉर्मिस इथून संपला आणि पोर तेवढं राहिलं. म्हणजे वय हजारो वर्षांत मोजायचं! स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ट्वीड नदीत तर याहून भारी प्रकार आहे, तिथल्या बॉटनिकस नावाच्या संकराचा एक पालक, व्हॅजिनेटस, आज अख्ख्या ब्रिटनमध्ये कुठेच नाही, तो थेट बाल्टिक समुद्राकडे भेटतो.

बी न धरता हजारो वर्षं टिकायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गंमत त्यातच आहे. हा संकर खेचरासारखा, वांझ. पण खेचर म्हातारं होऊन मरतं, हे मरत नाही, गाळातलं आडवं खोड पुढे सरकत राहतं, पुरात तुकडा तुटला तर खाली कुठेतरी अडकून परत मूळ धरतो. आपण उसाची दोन डोळ्यांची टिपरी लावतो ना, तसंच, फक्त लावणारा शेतकरी म्हणजे नदी. (आजचा ऊस पण संकरितच बरं का, त्यात जंगली उसाचं रक्त आहे.) त्यामुळे पुढच्या वेळी केसांचा तो झुपका बघाल तेव्हा ते आधीच्याच झाडाचं लांबत आलेलं अंग असू शकतं, नातू पणतू नाही.

प्रश्न: मग आपल्याकडची जलपर्णी पण संकरित आहे का? दरवर्षी मुळा-मुठेतून काढतात आणि दरवर्षी परत हजर!
(एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही हो, ती शुद्ध एकच प्रजाती, दक्षिण अमेरिकेतली. पण पसरायची आयडिया तीच, एका रोपाला बाजूला फांदी फुटून नवं रोप, त्याला आणखी एक. वर ती बी पण धरते आणि ते गाळात कित्येक वर्षं पडून राहतं, म्हणून वरवर नदी साफ दिसली तरी पुढच्या वर्षीचा माल खाली तयारच असतो.