‘व्हेरी लाइट’ म्हणजे फार हलकं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका हिंदी डब सिनेमात जर्मन अधिकारी ओरडतो, ‘वेरी लाइट पिस्तौल लाओ’, मग एक सैनिक आकाशात लाल गोळा उडवतो. तर हे ‘अगदी हलकं पिस्तूल’ का, जर्मन लोक त्याला खरं काय म्हणतात, आणि मराठी सबटायटलमध्ये काय लिहायचं?

पहिल्या भागाचं उत्तर सोपंय. वजनाशी काही घेणंदेणं नाही, व्हेरी हे आडनाव आहे. एडवर्ड विल्सन व्हेरी नावाचा अमेरिकी नौदलातला अधिकारी होता, त्याने 1877 च्या सुमारास पिस्तुलातून रंगीत पेटते गोळे उडवून रात्री जहाजाजहाजांत निरोप द्यायची पद्धत बसवली. त्या गोळ्याला व्हेरी लाइट म्हणायला लागले आणि तो उडवणारं ते व्हेरी पिस्तूल. ब्रिटिशांनी नाव उचललं (आणि कित्येकदा स्पेलिंगमध्ये एक जादा ‘ई’ घुसडून दिला), त्यांच्याकडून ते आपल्या फौजेत आणि पोलिसांत आलं, तिथं आजही त्याला व्हीएलपी, म्हणजे ‘व्हेरी लाइट पिस्तूल’, म्हणतात. म्हणजे डबिंगवाल्याने शब्द तसा चुकीचा वापरलेला नाही, पण तो चुकीच्या तोंडी घातलाय. जर्मन अधिकारी मेला तरी ‘व्हेरी’ म्हणणार नाही.

तो म्हणेल लॉइश्टपिस्टोल. लॉइश्टन म्हणजे प्रकाशणं, उजळणं. त्याच धातूपासून त्यांचा दीपस्तंभ होतो लॉइश्टटुर्म आणि काजवा होतो लॉइश्टकेफर, म्हणजे शब्दशः उजेडाचा किडा, जर्मन भाषेला गोड शब्द जमत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा लक्षात ठेवावा. पिस्तुलातून जो गोळा उडतो तो लॉइश्टकुगेल, आणि यासाठी मराठीत शब्द शोधत बसायची गरजच नाही, पेपरवाले वर्षानुवर्षं ‘प्रकाशगोळे’ लिहितायत, तोच तो. याशिवाय सिग्नालपिस्टोल असाही शब्द जर्मनमध्ये चालतो. बोलताना दोन्ही सरमिसळ होतात, पण मुळात कामं दोन आहेत. पांढरा गोळा समोरचं मैदान उजळवायला, रंगीत गोळा निरोप द्यायला: इथं आहोत, हल्ला आलाय, तोफांचा मारा सुरू करा वगैरे. पहिल्या महायुद्धात टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटायच्या तेव्हा खंदकातल्या पायदळाकडे मागच्या तोफखान्याला हाक मारायला हा एक झटपट उपाय उरायचा.

वस्तू म्हणून हे अगदी साधं यंत्र. बारा बोअरची बंदूक पाहिली असेल तर कल्पना येईल, नळी खाली मोडायची, एक जाडजूड काडतूस घालायचं, बंद करायचं, घोडा चढवायचा, संपलं. फक्त नळी जास्त रुंद, जर्मन तिला कालिबर 4 म्हणतात म्हणजे आपल्या भाषेत चार बोअर, साधारण साडेसव्वीस मिलिमीटर. बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी, कारण हा आकडा एक पौंड शिशाच्या त्या मापाच्या किती गोळ्या होतात त्याचा आहे (बारा बोअर म्हणजे बारा बोटं असं गावात सांगणारे भेटतात, ते सोडून द्या). मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट काडतुसाच्या बुडाशी असते: कडेला खाचा पाडलेल्या असायच्या आणि त्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या, म्हणजे मिट्ट काळोखात बॅटरी न लावता अंगठा फिरवून कळावं की हातात लाल आहे का पांढरा. चुकून भलता रंग उडाला तर आपलेच तोफगोळे आपल्याच डोक्यावर!

दुसऱ्या महायुद्धातलं नेहमीचं मॉडेल म्हणजे वॉल्थर कंपनीचं लॉइश्टपिस्टोल 34, हलक्या अ‍ॅल्युमिनियमचं, आणि पुढे धातूची टंचाई झाल्यावर पत्रा ठोकून केलेलं 42. म्हणजे 34 पुरतं ‘लाइट पिस्तूल’ वजनानेही खरं होतं, पण तो निव्वळ योगायोग. नौदलासाठी दोन नळ्यांचंही केलं होतं.

आता खरी गंमत. याच पिस्तुलाच्या नळीत आतून पीळ, म्हणजे गोळी गरगरत सरळ जावी म्हणून वळणदार खाचा, पाडून जर्मनांनी त्यातून लहान स्फोटक ग्रेनेड मारायला सुरुवात केली आणि नाव लगेच बदललं, काम्पफपिस्टोल, म्हणजे लढाईचं पिस्तूल. साध्या गुळगुळीत नळीच्या पिस्तुलापासून ओळखू यावं म्हणून अंगावर मोठा ‘झेड’ अक्षर. हा त्सूग (स्पेलिंग Zug) या शब्दाचा, आणि त्सूग म्हणजे ओढ, रेल्वेगाडी, पलटणीतली तुकडी, आणि बंदुकीच्या नळीतला पीळसुद्धा. त्यावर आणखी खांद्याला लावायचा दस्ता बसवला, नळीत घालायला दुसरी पीळदार नळी दिली, रणगाड्यावर मारायचा ग्रेनेडही जोडला, की झालं श्टुर्मपिस्टोल. तेव्हा वस्तू जवळपास तीच, पण काम बदललं की जर्मन नाव बदलतो. आपण सगळ्याला सरसकट ‘फ्लेअर गन’ म्हणतो ते मला पटत नाही ते यासाठी.

पडद्यावर मात्र सगळं एका पोत्यात. ‘1917’ मध्ये लेफ्टनंट लेस्ली त्या दोघा निरोप्यांना पिस्तूल देतो ते जर्मन खंदक पार केल्याची खूण करायला, म्हणजे सिग्नलचं काम, आणि त्याच सिनेमात पुढे एकूस्त गावातल्या पडक्या भिंतींवर गोळ्यांच्या उजेडात सावल्या लांबतात, आखडतात, फिरतात, ते प्रकाशाचं काम. छायाचित्रणाचं ऑस्कर रॉजर डीकिन्सला मिळालं त्यात या रात्रीचा वाटा मोठा असणार असं माझं मत. ‘डंकर्क’ मध्ये टॉम हार्डीचा वैमानिक किनाऱ्यावर उतरून आपलंच स्पिटफायर पेटवतो तेही अशाच पिस्तुलाने, ते जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून, आणि ते अर्थातच ब्रिटिश व्हेरी पिस्तूल, तिथं ‘व्हेरी’ शब्द शंभर टक्के बरोबर. बाकी पिक्चरमध्ये हीरो शेवटची गोळी संपल्यावर हे पिस्तूल काढून व्हिलनच्या छातीवर नेम धरतो आणि ते नेमकं लागतं, तेव्हा एवढंच आठवावं की गुळगुळीत नळीतून वर उडवायला केलेल्या गोळ्याचा नेम फार भरवशाचा नसतो, जवळून भाजेल मात्र भयंकर.

आणि आपल्या पोरांना हा शब्द सिनेमातून नव्हे तर पबजीतून माहितेय. तिथं फ्लेअर गन आकाशात मारली की विमान येऊन भारीतला माल टाकून जातं, त्यामुळे ‘फ्लेअर मार’ हे आता सरळ मराठी वाक्य झालंय, तिला प्रकाशपिस्तूल म्हणायला गेलात तर टीममधून काढतील. तिथं फ्लेअर गनच राहू द्या, ती स्त्रीलिंगीच बरी वाटते.

सबटायटलसाठी मी असं करीन. जर्मनाच्या तोंडी ‘इशाऱ्याचं पिस्तूल’, आणि मैदान उजळवायचं असेल तर सरळ ‘प्रकाशगोळा सोडा’, पिस्तुलाचं नाव घ्यायची गरजच नाही, तसंही माणूस हुकूम देताना गोळ्याचा देतो. जुनं हवं असेल तर चंद्रज्योत आहे, दारूकामातल्या उजेडाच्या प्रकाराला हा शब्द आपल्याकडे चालत आलाय आणि कानाला सुंदर लागतो, पण नाझी अधिकाऱ्याने ‘चंद्रज्योत लावा’ म्हटलं तर थिएटरात हशा पिकेल. ‘संकेत-अग्निशस्त्र’ छापाचं काही कृपया नको, पिस्तूल आणि काडतूस दोन्ही पोर्तुगीजांकडून घेऊन आपण केव्हाच पचवलेत, त्यांना संस्कृतचा अंगरखा कशाला. ब्रिटिश किंवा भारतीय सैनिक बोलत असेल तर ‘व्हेरी पिस्तूल’ ठेवा, फक्त ‘लाइट’ गाळा म्हणजे हलक्याचा घोळ होणार नाही. काम्पफपिस्टोल आलं तर ‘ग्रेनेड पिस्तूल’ लिहा, कारण त्या सीनमध्ये उजेड पडणार नसतो, स्फोट होणार असतो.