सहवीज प्रकल्प: बॉयलरच्या ऑर्डरआधी लाईनचं बघा

तुमच्या पोस्टमधलं ‘लाईनचं काम काय, समांतर होत राहील’ हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा सहकारी साखर कारखाना, सहवीज (गाळलेल्या उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, जाळून वाफ आणि वीज) करायची की पडीक जमिनीवर सोलर टाकायचं यावरून संचालक मंडळात दोन तट, आणि बॉयलर-टर्बाइनच्या निविदा निघायच्या बेतात. आमचा कारखाना अगदी याच टप्प्यावर होता. मी तिथे इंजिनिअरिंग खात्यात होतो, प्रकल्प उभा राहताना आणि पुढे चालताना पाहिला आहे. बॅकप्रेशर टर्बाइन म्हणजे काय वगैरे सोडून देतो, ते तुमच्या चीफ इंजिनिअरना ठाऊक असणारच.

आमचा बॉयलर वेळेत उभा राहिला. अग्निप्रदीपन झालं, मोळी पडली, टर्बाइन फिरलं, पण वीज बाहेर जायला वाटच नव्हती. जोडणीची फाईल ज्या कार्यालयात होती त्याचं नाव घेत नाही. तिथे आधी अंदाजपत्रक अडलं. मग उपकेंद्रात आम्हाला दाखवलेली बेची (आमची लाईन जोडायची) जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकली, त्यामुळे लाईनचा मार्ग बदलला. नव्या मार्गात बागायती रानं आली, मनोऱ्यांच्या भरपाईवरून आमचेच सभासद हरकती घेऊन उभे राहिले, आणि त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. सगळ्यात संताप यायचा तो त्रुटींच्या पत्रांचा. एक त्रुटी कळवायची, आम्ही पूर्तता करायची, मग त्याच कागदावर दुसरी काढायची. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायला काय हरकत होती? शेवटी लाईन चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली, तर मीटरच्या चाचणीला तारीख मिळेना. आणि मीटर प्रमाणित होण्याआधी ग्रिडमध्ये जाईल त्या युनिटचा पैसा मिळणार नाही, हेही तेव्हाच सांगितलं.

इकडे बगॅस साठत होती. ऊस गाळला की त्याच्या २८ ते ३० टक्के बगॅस निघते, म्हणजे तुमच्या कारखान्यात दिवसाला १४०० टन तरी. तिच्यात निम्मं पाणी असतं. नीट हवा न खेळता ढीग लागला की आतून तापतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वरचा थर कोरडा ठणठणीत होतो. रात्री यार्डात गेलं की आंबूस वास यायचा, ढिगात लोखंडी सळई खुपसून बाहेर काढली तर हात लावता येत नसे. पाण्याचे टँकर आणि माणसं चोवीस तास उभी. अखेर कागद गिरणीला माल दिला तो ती म्हणेल त्या भावाने, कारण आमच्याकडे ठेवायला जागा नाही हे तिला दिसत होतं. बँकेचे हप्ते मात्र सुरू झाले होते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव) द्यायची असते, त्यासाठी विजेच्या ज्या पैशावर भिस्त ठेवली होती तो त्या हंगामात आलाच नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की जोडणीची लेखी मंजुरी, उपकेंद्रात नावावर झालेली बे, लाईनचा सर्व्हे आणि सही झालेला वीज खरेदी करार हातात आल्याशिवाय बॉयलरची ऑर्डर देऊ नका. पुरवठादार ‘भाव वाढतील’ म्हणून घाई करेल. वाढू देत. मीटरचे स्पेसिफिकेशन आणि चाचणी कोण कधी करणार, तेही आधीच लेखी घ्या. (नियम आणि दर बदलत असतात, मी वकील नाही की वित्तवाला नाही. राज्य वीज नियामक आयोगाचे ताजे आदेश सल्लागाराकडून तपासून घ्या.)

आता सोलर की सहवीज. सोलर स्वस्त पडतं यात वाद नाही, मोकळी जमीन असेल तर जरूर करा. पण ती दिवसाची वीज. संध्याकाळी सात वाजता गावोगाव दिवे, टीव्ही, पंप एकदम सुरू होतात तेव्हा सोलर शून्यावर असतं आणि कारखाना पूर्ण भारावर चालू असतो. आपल्याकडे वाऱ्याची वीज मुख्यतः पावसाळ्यात मिळते, कारखाना नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो. शिवाय ही सहवीज शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी तयार होते, लांबून आणताना जी गळती होते ती वाचते. देशाला अशा विजेची गरज आहे आणि तिचा दर ठरवताना संध्याकाळच्या युनिटला वेगळी किंमत मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. दुपारच्या सोलरच्या युनिटशी तिची तुलना करून दर पाडणं हा अन्याय आहे.

बॉयलरच्या दाबाबद्दल फार लिहीत नाही. जुन्या २१ किलो दाबाच्या (दर चौरस सेंटीमीटरला) बॉयलरवर एका युनिटला अकरा-बारा किलो वाफ लागायची, ८७ किलोवर साडेपाचच्या आसपास लागते. त्याआधी कारखान्याची स्वतःची वाफ कमी करा. उसाच्या वजनाच्या ४८ टक्के वाफ लागत असेल आणि ती ४० वर आणली, तर ५००० टनाला ताशी सोळा-सतरा टन वाफ वाचते, म्हणजे दिवसाची दीड-पावणेदोनशे टन बगॅस. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर आणि कंटिन्यूअस पॅन (कमी वाफेत रस आटवणारी, साखर शिजवणारी यंत्रं) यांचा खर्च संचालकांच्या डोळ्यांत भरत नाही, नवा बॉयलर भरतो. डिस्टिलरी वाढवायचा विचार असेल तर तिची वाफ आजच हिशेबात धरा, नाहीतर पुढे इथेनॉल आणि वीज एकाच बगॅसवर भांडत बसतील.

आणखी एक, ज्याकडे निविदेत कुणी बघत नाही. ग्रिड गेली की टर्बाइनवरचा बाहेरचा सगळा भार एका क्षणात निघून जातो. गव्हर्नरने (टर्बाइनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेने) सावरलं आणि आयलंडिंगचे, म्हणजे कारखान्याला ग्रिडपासून लगेच तोडणारे, रिले बरोबर लावलेले असतील तर कारखाना स्वतःच्या विजेवर चालत राहतो. नाहीतर मशीन ओव्हरस्पीडवर ट्रिप होतं, मिल उसासकट थांबते, बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि तो आवाज पंचक्रोशीत जातो. टाक्यांतला रस तासाभरात बिघडायला लागतो. ग्रामीण फीडरवर हे वारंवार होतं. पुरवठादाराकडून पूर्ण भार फेकण्याची चाचणी साइटवर करून घ्या, कागदावरची हमी चालणार नाही.

बिगरहंगामात कोळशावर चालवून वर्षभर वीज विकू असं कुणी सुचवेल. मॉरिशसमध्ये बेल व्ह्यूचं ७० मेगावॉटचं केंद्र २००० सालापासून हंगामात बगॅस आणि एरवी कोळसा असंच चाललं, पण त्या बेटाला बारमाही विजेची तशी निकड होती. आपल्याकडे सहवीज म्हणून दर घेणाऱ्याला कोळसा वापरण्यावर मर्यादा असते आणि आयात कोळशाचे भाव आपल्या हातात नाहीत. माझ्या मते बिगरहंगामाचे दिवस फक्त शिल्लक बगॅसवर मोजा आणि कर्जफेडीचं गणित तेवढ्यावरच बसतं का ते पाहा.

तुमच्या जवळच्या उपकेंद्राचा गेल्या हंगामातला ट्रिपिंगचा रेकॉर्ड आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता मिळाली तर इथे टाका. ३३ केव्हीवर भागेल की १३२ ची लाईन लागेल, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.