जनरल मोटर्सने ओल्डस्मोबाइलसारखा जुना ब्रँड बंद का केला?

ओल्डस्मोबाइल बंद झाली ती मुख्यतः तिचे वेगळेपण संपल्यामुळे. जनरल मोटर्सच्या ब्रँडांत स्वस्त शेव्हरोलेच्या वरची आणि महागड्या कॅडिलॅकच्या खालची जी मधली जागा तिला होती, तिथे ऐंशीच्या दशकात त्याच कंपनीच्या ब्युइक आणि पॉन्टिॲक या ब्रँडांच्या जवळजवळ तशाच दिसणाऱ्या गाड्या येऊन बसल्या. रॅन्सम ओल्ड्स यांनी १८९७ मध्ये मिशिगनमधील लान्सिंग येथे सुरू केलेली आणि १९०८ मध्ये जनरल मोटर्सकडे आलेली ही कंपनी एके काळी नवे तंत्र पहिल्यांदा आणण्याचा मान मिळवत असे: १९४० च्या मॉडेलांत क्लच पेडल नसलेला हायड्रामॅटिक गिअरबॉक्स, १९४९ मध्ये आठ सिलिंडरांचे रॉकेट व्ही-८ इंजिन, १९६६ मध्ये पुढच्या चाकांवर चालणारी टोरोनॅडो. १९७६ मध्ये तिची कटलस अमेरिकेत सर्वाधिक खपलेली गाडी ठरली, हे यश खरोखरच कमावलेले होते. विश्वासाला पहिला तडा १९७८ च्या डिझेल इंजिनाने दिला: डिझेलचा वाढीव दाब सिलिंडर हेडच्या बोल्टांना पेलवत नसे, त्यामुळे गॅस्केट (जोड घट्ट बंद ठेवणारी पट्टी) फुटत, आणि इंधनातले पाणी वेगळे करण्याची सोय नसल्याने पंप गंजत. मात्र सगळा दोष डिझेलवर टाकणे योग्य नाही, कारण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरही वर्षाला दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या जात होत्या. खरी घसरण त्यानंतरची आहे, जेव्हा मध्यम किमतीचे ग्राहक होंडा आणि टोयोटाकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये ब्रँड गुंडाळण्याची घोषणा झाली आणि शेवटची गाडी, अलेरो मॉडेलची, २९ एप्रिल २००४ रोजी लान्सिंगच्या कारखान्यातून बाहेर पडली.