बेल्ट बदलल्यापासून गाडी चढत नाही

प्रश्न : माझी १९९८ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आहे. चार महिन्यांपूर्वी टायमिंग बेल्ट बदलून घेतला आणि तेव्हापासून गाडीचा दमच गेला. सावंतवाडीहून लेकीकडून परत येताना आंबोलीचा घाट पूर्वी दुसऱ्या-तिसऱ्यावर आरामात चढायची, आता पहिल्यावर आणावी लागते आणि काटा तापाकडे जातो. सपाटीला एकदा वेग धरला की पळते. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटरला किट टाकलं. आता क्लच प्लेट नाहीतर नवा कार्ब्युरेटर घाला म्हणतो. काय करू?
– एक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, आधी दोन्ही खरेदी थांबवा. क्लच घसरत असता तर इंजिन जोरात ओरडलं असतं आणि गाडी जागेवर राहिली असती. तुमचं इंजिनच खालून उचलत नाही. खालून मेलेली, वर पळणारी, आणि हे सगळं बेल्ट बदलल्या दिवसापासून! माझा संशय सरळ बेल्टवर आहे. हा दातेरी पट्टा क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात बांधतो. तो एक दात चुकून बसलेला असावा.

ही चूक होते कशी ते सांगतो. बेल्ट काढला की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला थोडं ढकलतात आणि कॅमची पुली खुणेवरून हलते. घाईत बेल्ट चढवला आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळला, तर ढील नको त्या बाजूला राहते आणि कॅम एक दात मागे पडतो. क्रँकच्या हिशोबात ती पंधरा-वीस अंशांची गफलत होते. गाडी चालू होते, म्हणून कुणाला कळत नाही.

या इंजिनात प्लगांना पाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आम्ही ज्याला डिलको म्हणतो तो, कॅमवरच फिरतो. म्हणजे बेल्ट मागे गेला की ठिणगीही मागे जाते. मेकॅनिक टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी केव्हा पडते ते दाखवणारा दिवा) लावतो, खूण मागे दिसते, मग तो डिलको पुढे फिरवतो. ठिणगी कशीबशी जागेवर येते, व्हॉल्व्ह मात्र उशिराच उघडत आणि मिटत राहतात. म्हणून बॉनेट उघडून डिलकोचा बोल्ट बघा. तो लांबट खाचेत असतो. नीट बसलेल्या गाडीत तो खाचेच्या मधोमध किंवा आसपास सापडतो. तुमच्या गाडीत तो खाचेच्या टोकाला टेकला असेल, तर माझ्या मते उत्तर मिळालं.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. तिन्ही सिलिंडर सारखेच कमी आले तर टायमिंग. दोन चांगले आणि एकच कमी असेल, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे बघावं लागेल.

मग पुढचं कव्हर काढायला सांगा आणि तुम्ही स्वतः समोर उभे राहा. तिन्ही प्लग काढले की इंजिन पान्याने हलकं फिरतं. क्रँकच्या पुलीची खूण तिच्या बाणासमोर आणा आणि त्याच क्षणी कॅमच्या पुलीची खूण बघा. एक दात म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतर. तिरपं बघितलं तर जुळल्यासारखंच वाटतं. मी खुणांवर व्हाइटनरचा ठिपका देतो आणि डोळा अगदी समोर आणतो. बेल्ट नीट बसवून टेन्शनर आवळल्यावर क्रँक नेहमीच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, त्यामुळे दोन्ही खुणा परत जागेवर यायलाच हव्यात. हे दोन फेरे वगळणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

एकदा आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात अशीच ८०० आली होती. खुणा तंतोतंत, गाडी मात्र मेलेली. दीड दिवस मी डोकं फोडलं. शेवटी एक नंबरच्या प्लगच्या भोकातून प्लास्टिकची नळी सोडली आणि हाताने क्रँक फिरवला. खूण बाणासमोर आली की पिस्टन आणि नळी अगदी वर हवी, पण इथे नळी त्याआधीच खाली उतरायला लागली होती! क्रँकच्या नाकावरची, पुलीला जागेवर धरणारी अर्धचंद्राकृती चावी चघळली होती आणि पुली क्रँकवर सरकून बसली होती. त्या दिवसापासून खुणा जुळल्या तरी मी नळी घालून पिस्टन बघतोच. तुमच्याकडेही बघायला सांगा.

बेल्ट जागेवर आला की डिलको पुन्हा मधोमध आणून टायमिंग लाइटने बसवावा लागेल. हे राहिलं तर ठिणगी फार पुढे जाईल आणि घाटात तिसऱ्यावर इंजिन टकटक करेल. ती टकटक पिस्टनला घातक. डिलकोतून प्लगांकडे जाणाऱ्या वायरींचा क्रम १-३-२ आहे, तोही एकदा तपासून घ्या.

प्रश्न : १.३ लिटर डिझेलची स्विफ्ट आहे, १ लाख ६० हजार किलोमीटर झाले. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड होते. तिला बेल्ट नाही म्हणतात, मग काळजी नको ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काळजी करा, ताई. या १२४८ सीसी इंजिनात साखळी आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल उशिरा बदललं की साखळी ताणते, टेन्शनर रात्रभर ढिला पडतो, मग सकाळी खडखड. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) पी००१६ कोड आला तर क्रँक आणि कॅमची सांगड सुटू लागली आहे असं धरा. साखळीने दात सोडला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. साखळी, टेन्शनर आणि गाइड (साखळी ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) एकदमच बदला. काम देण्याआधी गॅरेजवाल्याला या इंजिनाची लॉकिंग टूल, म्हणजे क्रँक आणि कॅम जागेवर पकडून ठेवणारी हत्यारं, दाखवायला सांगा. ती नसतील तर दुसरीकडे जा, आणि तोपर्यंत गाडी लांब नेऊ नका.