लाल ठिपका, कारणं दोन

प्रश्न : मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले पिंड) शोधतात असं वाचलं. हे बटू मुळातच मंद. मग मोकळं आकाश सोडून धुळीने भरलेल्या जागीच का शोधायचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोकळ्या आकाशातही शोधतात, पण तिथले बटू बहुतेक म्हातारे, म्हणजे विझत आलेले निखारे. वस्तुमान गुरूच्या साधारण 13 ते 75 पट. तेवढ्यात हायड्रोजन धड पेटत नाही. जन्मताना आकुंचनातून मिळालेली ऊब आयुष्यभर पुरवून खायची. तेजोमेघात मात्र नुकते जन्मलेले भेटतात: दहा लाख वर्षांचं बाळ 2500-3000 अंशांवर असतं, शिवाय फुगलेलं, म्हणून उजळ. अब्जावधी वर्षांनी त्याच्या प्रकाशाचा हजारावा हिस्साही उरत नाही. 1995 मध्ये टेइदे-1 हा अगदी सुरुवातीचा बटू सापडला तोही कृत्तिकेत, तरुण तारकागुच्छातच.

धुळीचा त्रास मात्र खरा. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका लालबुंद ठिपक्यापायी दोन महिने घालवले. लाल आहे म्हणजे थंड आहे, असा माझा हिशेब. वर्णपट (प्रकाशाची रंगवार फोड) हाती आला आणि निघाला काय, तर ढगाच्या पार मागचा एक राक्षसी तारा, धुळीने लाल दिसणारा! मावळतीचा सूर्य लाल दिसतो म्हणून काही थंड झालेला नसतो, हे शाळेत शिकले होते की मी.

हल्ली यावर पाण्याचा उपाय आहे. बटूच्या वातावरणात वाफ टिकते आणि ती 1.45 मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश गिळते. धूळ असा एकाच जागी लचका तोडत नाही. हवाईतल्या 3.6 मीटरच्या दुर्बिणीवर खास या पट्ट्यासाठी फिल्टर वापरतात. गंमत म्हणजे आपल्या हवेतलं बाष्पही नेमकं तिथेच आडवं येतं, म्हणून 4200 मीटर उंचीचा तो कोरडा डोंगर.

चाळणीत जे उरतील त्यांचा वर्णपट घ्यायचा. 1.7 मायक्रॉनच्या जवळपास तंबूसारखं टोक दिसलं, की पृष्ठावरचं गुरुत्व कमी. म्हणजे पोर अजून फुगलेलंच आहे. एकदा पोळलेल्या माझ्यासारखीला ते टोक बघून किती हायसं वाटतं, काय सांगू.

2023 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला ययाती तारकासमूहातल्या आयसी 348 या गुच्छात, हजारेक प्रकाशवर्षांवर, गुरूच्या जेमतेम तीन-चार पट वस्तुमानाचा एक एकटा पिंड सापडला. त्याला बटू म्हणायचं की ग्रह, यावरून आमच्यात अजून वाद चालू आहेत.